दंडावरची मैत्रीण

ईश्वरीच्या पोटात काहीतरी आहे हे पहिल्यांदा कळलं तिच्या थोरल्या चुलत्याला. मग कळलं हायस्कुलाच्या हेडमास्तरांना, मग त्यांच्या बायकोला, आणि त्या बाईला कळल्यावर आंबेखोलात कळायचं राहिलं कोण? राहिली फक्त ईश्वरीची आई. ती तेव्हा काजूच्या कारखान्यात पाटावर बसून वाकड्या बिया फोडत होती. सरळ बिया आता यंत्रं फोडतात, यंत्राला न जमणाऱ्या तेवढ्या बायकांच्या वाट्याला येतात. शेजारच्या दोघी तिच्याकडे बघून गप्प झाल्या, तिसरी तहान नसताना पाणी प्यायला उठली, तेव्हा तिनं हातातली बी खाली ठेवली आणि विचारलं, "काय गं? माझ्या तोंडाला काय लागलंय?"

तिचं नाव कोमल. नाव ठेवणाऱ्या आत्याची काय समजूत झाली होती देव जाणे. कोमल गावडे बोलायला लागली की मुकादम दुसऱ्या खोलीत काहीतरी शोधायला जायचा. पण त्या दिवशी पाणी पिऊन आलेल्या बाईनं जे सांगितलं ते ऐकून कोमल पाटावरून तशीच उठली. हात न धुता ती घराकडे निघाली.

आता ही बातमी आईला वगळून गावभर कशी फिरली, ते समजायला पट्टीची गोष्ट सांगायला हवी.

पट्टी म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती. दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. तिच्या पोटाला केसाहून बारीक सुया असतात, इतक्या बारीक की टोचल्याचं कळतही नाही. कातडीच्या खालच्या पाण्यात काय काय मिसळलंय ते या सुया चाखतात. लोह कमी पडलं, साखर वाढली, पाळीचं गणित चुकलं, की पट्टी फोनवर निरोप धाडते. आणि गर्भ राहिल्यावर अंगात जे एक संप्रेरक वाढतं, तेही तिला पहिल्या काही दिवसांतच कळतं. आठवीपासूनच्या प्रत्येक मुलीला ती शाळेत फुकट मिळायची. नाव ठेवलं होतं 'मैत्रीण'.

बनवणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनी केलेल्या रचनेत निरोप आधी मुलीला जायचा, मग तिनं हो म्हटलं तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला. पण वरती कुठल्याशा समितीत चहा-बिस्किटं खात बसलेल्या लोकांना वाटलं, पंधरा वर्षांच्या पोरीच्या अंगातलं पोरीलाच आधी कळणं काही बरं नव्हे. त्यांनी निरोपाची वाट बदलली. निरोप पालकाला आणि शाळेला. मुलीला नाही, डॉक्टरलाही नाही. मुलांच्या दंडावर काही लावावं हे तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मूल बहुधा एकट्या मुलीलाच होतं, अशी त्या समितीची माहिती असावी.

पालक म्हणून अंगठा द्यायला कोमल स्वतः शाळेत गेली होती. यंत्राला तिचा अंगठा वाचता येईना. काजूच्या टरफलातलं तेल कातडी खातं. वर्षानुवर्षं बिया फोडणाऱ्या बाईच्या बोटावर रेषा कुठून राहणार? हेडमास्तर पाटोळे म्हणाले, "घरातलं दुसरं कुणी आणा." नवरा गोव्यात हॉटेलात स्वयंपाकी, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा घरी येणारा. मग थोरले दीर विष्णू गावडे आले, त्यांनी अंगठा टेकवला, हिरवा दिवा लागला. यंत्राच्या लेखी ईश्वरीचा मायबाप त्या दिवसापासून चुलता झाला. कोमलला वाटलं, अंगठा तर आहे, कुणाचा का असेना.

घरात शिरली तर ओसरीवर खुर्च्या मांडून दोघेही बसलेले. विष्णू गावडे आणि पाटोळे सर. जावेनं चहासुद्धा केला होता. ईश्वरी आतल्या दाराशी उभी, अंगावर शाळेचा गणवेश, मान खाली.

"कोमल, बस," दीर म्हणाले. "आवाज चढवू नकोस. शेजारी ऐकत्यात."

"शेजाऱ्यांनी ऐकलंय. मी तेवढी ऱ्हायल्ये. काय ते मलाबी सांगा."

पाटोळे सरांनी फोन पुढे केला. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'गर्भधारणा आढळली'. खाली ईश्वरीचं नाव, इयत्ता दहावी, तुकडी अ.

"वहिनी, आम्ही शाळेत किती काळजी घेतो," सर म्हणाले. "विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा, तोसुद्धा मी दरवर्षी पिना मारून बंद करून घेतो. मुलांच्या नजरेला नको. आरोग्य केंद्रातल्या त्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, मुलामुलींना एकत्र बसवून साधनं वगैरे दाखवते म्हणाल्या. मी स्पष्ट सांगितलं, आमच्याकडे पट्टी आहे, नको ते शिकवू नका. एवढं करून हे असं."

कोमल लेकीकडे वळली. "ईश्वरी, माझ्याकडं बघ. काय झालंय?"

"काय न्हाई गं आई." पोरीनं गळ्याला चिमटा घेतला. "देवाशप्पत काय न्हाई. मी कुणाबरोबर बोलतपण नाही. मला कळतच नाही हे काय म्हणतायत."

"समदीच असं म्हणत्यात," दीर म्हणाले. "पोरगा कोण ते सांग, म्हंजे पुढचं बघता येतंय."

कोमलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्वतः सतराव्या वर्षी बोहल्यावर चढली होती, वय वाढवून सांगून. अठराव्या वर्षी ईश्वरी झाली. पाळी चुकली म्हणजे काय, हे तिला सासूनं सांगितलं तेव्हा तिसरा महिना सरला होता. कळा सुरू झाल्या तेव्हा तिला वाटलं आपण मरतोय. पोरीचं असं होऊ द्यायचं नाही, तिला दहावी करायची, पुढं नर्सिंगला घालायची, एवढ्या एका गोष्टीसाठी तिनं हाताची कातडी जाळून घेतली होती. आणि हे दोघे तिच्याच ओसरीवर बसून तिच्या पोरीचा पंचनामा करत होते.

"माझी पोरगी तसली न्हाई," ती ओरडली. चार घरं पलीकडे ऐकू जाईल असं. "ऐकलंसा? तसल्या पोरी दुसऱ्या. माझी न्हाई. तुमचं यंतर फोडून टाका."

"यंत्र खोटं बोलत नाही, वहिनी," पाटोळे सर उठत म्हणाले. "दाखल्याचं मी बघतो. आपण होऊन नाव काढलंत तर बोभाटा होणार नाही."

बोभाटा व्हायचा काय राहिला होता? संध्याकाळी ईश्वरीची बाकावरची मैत्रीण समृद्धी वह्या घेऊन आली, तर तिची आई मागोमाग धावत आली आणि तिला दंडाला धरून ओढत घेऊन गेली. कोमलनं नवऱ्याला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "दादा म्हणंल तसं कर." तेवढं म्हणायला तो फोनवर सापडला, हेच नशीब.

दादा म्हणाले, पोरीला सावंतवाडीकडे आत्याच्या घरी ठेवू. तिथल्या ओळखीच्या एका बाईकडून काय ते मोकळं करून घेऊ आणि शिमग्याच्या आत स्थळ बघू. कोमल भांडली, रडली, शेवटी तिला सांगण्यात आलं की पालक म्हणून नाव तिचं नाहीच. दुसऱ्या दिवशी ती कामावर असताना ईश्वरीला गाडीत घालून नेलं.

त्या ओळखीच्या बाईनं पोरीला दोनदा काढे पाजले. काही झालं नाही. पोट दुखायला लागलं. आत्या म्हणाली, दुखणारच, केलंय तर भोगायला नको? पोट फुगलं. आत्या म्हणाली, बघा, दिसायला लागलं. पोरगी उलट्या करत होती, तापानं फणफणत होती, आणि ते सगळं तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून जमा होत होतं. तिच्याकडचा फोन काढून घेतला होता. शेवटी आत्याच्या सुनेनं, तिला देव सुखी ठेवो, मोरीत जाऊन हळूच कोमलला फोन केला. म्हणाली, "काकी, पोरवयात मलाबी दिवस गेलते. ह्ये तसं न्हाई. पोरगी मराय लागल्ये. न्या तिला."

कोमल पहिल्या गाडीनं गेली. आत्या दारात आडवी उभी राहिली. कोमल तिला म्हणाली, "बाजूला व्हा, न्हाईतर दारासकट बाजूला करीन." आणि लेकीला खांद्यावर घेऊन बाहेर पडली. दीर, दाखला, अब्रू, पालकाचा अंगठा, सगळं गेलं खड्ड्यात. ती तडक आरोग्य केंद्रात आली.

तिथल्या डॉक्टर मृण्मयी साखळकर तिशीच्या आतल्या, चष्मेवाल्या, बोलायला तुसड्या. त्यांनी आधी छातीचा एक्स-रे काढला, मग पोटावर यंत्र फिरवलं. एकदा, दोनदा. मग पडदा कोमलकडे वळवला.

"हे गर्भाशय. रिकामं आहे. इथं कधीच काही नव्हतं."

कोमलनं पडद्याला बोट लावलं. "मी म्हणत हुते. मी सगळ्यांस्नी सांगत हुते."

"थांबा. हे बघा." डॉक्टरांचं बोट पडद्यावर डावीकडे सरकलं. "ही गाठ आहे. अंडाशयातली. नारळाएवढी झालीये."

मग त्यांनी समजावलं. गर्भ राहिला की त्याच्याभोवती वार तयार होते, आणि ती वार रक्तात एक संप्रेरक सोडते. पट्टी तेच शोधते. पण अंडाशयात काही मूळ पेशी असतात. पुढे कुठलाही अवयव घडवू शकतील अशा कच्च्या, अष्टपैलू पेशी. क्वचित एखाद्या मुलीच्या अंगात या पेशी बिघडतात, वाट्टेल तशा वाढतात, आणि त्यांतल्या काही चक्क वारेसारख्या वागायला लागतात. तेच संप्रेरक सोडतात. पट्टीला फक्त पदार्थ कळतो, कारण कळत नाही. धूर दिसला म्हणजे चूलच पेटलीय असं नाही, घरही पेटलेलं असू शकतं. तिथं जाऊन बघावं लागतं.

"म्हंजे यंतर चुकलं," कोमल म्हणाली.

"यंत्र नाही चुकलं." डॉक्टरांनी आपल्या संगणकावर काहीतरी उघडलं. "पट्टीनं जे पाठवलं ते मी आत्ता तिच्यातूनच काढलं. तिनं म्हटलंय, हे संप्रेरक वाढलंय, वाढ नेहमीसारखी नाही, ताबडतोब डॉक्टरला दाखवा. एवढंच. हे वाक्य लांब होतं, पालकांना कळणार नाही, म्हणून कुणीतरी वरती बसून त्याचं 'गर्भधारणा आढळली' केलं. आणि मला तर ते पाठवायचंच नाही असं ठरलेलं. तेव्हा गाठ लिंबाएवढी असेल. तेव्हाच माझ्याकडे आणली असती, तर बहुधा नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं."

"आणि आता?"

"आता एक्स-रेत फुफ्फुसावर ठिपके दिसतायत. अजूनही बरी होऊ शकते. या गाठी औषधाला दाद देतात. पण औषध जहाल असतं. आजच कोल्हापूरला न्या."

कोल्हापुरात ऑपरेशन झालं. एक अंडाशय गेलं, एक वाचलं. मग सलाईनमधून औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या. ईश्वरीचे केस गेले, भुवया गेल्या, जिभेवर फोड आले. वरणाच्या पाण्याचा घोट घ्यायला तिला अर्धा तास लागायचा. कोमल खाटेखाली सतरंजीवर झोपायची. नवरा एकदा आला, पोरीकडे बघून ढसाढसा रडला आणि म्हणाला, "मला काय ठावं हुतं?" कोमल म्हणाली, "इचारलं असतंस तर ठावं झालं असतं." पुढे ती त्याच्याशी त्या विषयावर बोलली नाही.

गावात मात्र वारं फिरलं होतं. कॅन्सर हा शब्द आला आणि सगळ्यांना माया दाटून आली. बिचारी. देवागत पोरगी. आम्हाला वाटतच होतं, तिच्या तोंडावर दिसायचं की निष्पाप आहे. कारखान्यात ज्या बायका गप्प झाल्या होत्या त्या कोल्हापूरला डबे घेऊन आल्या. पाटोळे सरांचा फोन आला: दाखला बिखला काही नाही, जागा राखून ठेवलीय, येत्या मार्चला परीक्षेला बसवू. विष्णू गावडे तर भेटेल त्याला सांगत सुटले, आमच्या घराण्यात असलं काही होणंच शक्य नाही. ऐकून कोमलला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. शेवटी सगळ्यांना पटलं, पोरगी माझी तसली नव्हती.

औषधांच्या फेऱ्या संपून, तपासण्या चांगल्या येऊन, दोघी गावी परतल्या. आरोग्य केंद्रात दाखवायला गेल्या तेव्हा डॉक्टर साखळकरांनी ईश्वरीला तपासलं, पाठीवर थाप मारली, तिला वजनकाट्याकडे पाठवलं आणि कोमलला म्हणाल्या, "एक गंमत सांगू? हायस्कुलातल्या सात मुली अचानक म्हाताऱ्या झाल्यात. ईश्वरीनंतर भांडून शाळेचा आरोग्याचा तक्ता मी मागवून घेते. सात जणींची संप्रेरकं एकदम सत्तरीतल्या बाईची. आणखी एकीची पट्टी बहुतेक शेळीला लावलीय."

कोमल हसली. "आज्यांच्या दंडाला लावल्यात व्हय? हुशार हाईत की पोरी."

"ईश्वरीचं झालं ते बघून त्या शहाण्या झाल्या. आता त्यांच्यातल्या एखादीला खरोखर गाठ झाली, रक्त कमी पडलं, तर मला कळणार नाही. एकही मुलगी केंद्राची पायरी चढत नाही, साधी पाळीची दुखणी घेऊनसुद्धा नाही. आणि त्यांच्यातली एखादी पोटुशी असेल तर?"

"तसली..." कोमल बोलायला गेली.

"हां. तसली." डॉक्टरांनी चष्मा काढला. त्या चिडल्या होत्या आणि ते लपवत नव्हत्या. "तुम्ही ओसरीवर उभं राहून ओरडलात, तसल्या पोरी दुसऱ्या. मला इथं केंद्रात रुग्णांनी सांगितलं. सगळ्या गावानं ऐकलं, वर्गातल्या मुलींनी ऐकलं. कोमलताई, ती दुसरी पोरगी ऐकत असेल, तर ती कुणाच्या दारात जाईल? तुमच्या तर नाहीच."

कोमलला राग आला. या दीडदमडीच्या पोरीनं मला शिकवावं? उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं, पण वजनकाट्यावर उभी असलेली, टोपी घातलेली ईश्वरी तिथून शांतपणे म्हणाली, "खरं हाय आई. तू तेव्हा असं म्हणालीस ना, तर मला भीती वाटली होती. मला वाटलं, खरंच काय असतं तर तू मला घरात घेतली असतीस का?"

कोमलनं तिला वजनकाट्यावरून उतरवायला हात पुढे केला.

शाळेनं सत्कार ठरवला. आपल्याकडे कुणाचं काही बरं झालं, वाईट झालं, की शाल-श्रीफळ आलंच. चौकात फलक लागला, त्यावर ईश्वरीचा आजाराआधीचा दोन वेण्यांचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत 'निष्कलंक कन्या'. शाळेच्या पटांगणात मंडप घातला. सगळे वर्ग रांगेनं बसवले, मागे गावकरी. पुढच्या खुर्चीत विष्णू गावडे फेटा बांधून.

पाटोळे सर बोलले. सीतामाईलाही अग्निपरीक्षा चुकली नाही म्हणाले. सोनं आगीतून उजळून निघतं म्हणाले. आज आमच्या शाळेवरचा डाग धुऊन निघाला म्हणाले. मग त्यांनी ईश्वरीच्या खांद्यावर शाल घातली, आणि ती एवढी वाळली होती की शाल खांद्यावरून घसरली. टाळ्या वाजल्या. "आईंनी दोन शब्द बोलावेत," सर म्हणाले आणि माईक कोमलच्या हातात दिला.

कोमलनं घरी दोन शब्द घोकून आणले होते, आभाराचे. समोर बघितलं तर मुलींच्या रांगा. प्रत्येकीच्या दंडावर हात. काहींच्या बाह्यांखाली नुसता चिकटपट्टीचा तुकडा होता, तिला आता ओळखू येत होतं. आभार राहिले बाजूला.

"सरांनी डाग म्हटलं," ती म्हणाली. "कुठला डाग? माझ्या पोरीच्या पोटात कॅन्सर निघाला म्हणून तुमी शाल आणली. मूल निघालं असतं तर काय आणलं असतं? दाखला. म्हंजे पोरगी मेली तरी चालंल, पण पोटुशी नको. असंच न्हवं?"

मंडपात कुजबुज झाली. पाटोळे सरांनी माईकसाठी हात पुढे केला. तिनं तो दुसऱ्या हातात घेतला.

"थांबा सर, दोन शब्द अजून झालं न्हाईत. पोट दुखतंय म्हणून ही वरडत हुती, आन माझ्या दिरांच्या भणीनं हिला म्हटलं, केलंय तर भोग. कारण समद्यांस्नी ठावं हुतं, असल्या पोरीला दुखलंच पाहिजे. समजा असती पोटुशी. मग दुखणं दुखत न्हाई? ताप येत न्हाई? मी बी त्येच केलं. माझी तसली न्हाई, तसल्या दुसऱ्या, असं मी वरडले. लाज वाटत्ये मला त्याची. ती दुसरी बी कुणाच्या तरी पोटचीच की. तिला बी शाळा हाय, परीक्षा हाय. पोरींनो, पट्टी आजीला लावा न्हाईतर म्हशीला लावा, मी काय म्हणणार न्हाई. पण अंगात काय बिघडलं, काय चुकलं, तर माझ्या घरी या. दार उघडं हाय. कोण, कुठं, कसं, मी इचारणार न्हाई. आन हा निष्कलंक का काय त्यो फलक, त्यो आजच्या आज उतरवा. माझ्या पोरीला तुमचा दाखला नको."

ईश्वरीनं शाल काढून घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. टाळ्या पडल्या नाहीत. एका गावकऱ्यानं शिवी दिली. विष्णू गावडे फेटा सावरत उठून गेले आणि जाताना म्हणाले, "हिला येड लागलंय." दोघी मायलेकी पटांगणातून बाहेर पडल्या तेव्हा वाट मोकळी करून द्यायला लोक जरा जास्तच मागे सरकले.

दुपारभर कोमल चुलीपाशी आदळआपट करत होती. वाटत होतं, उगाच थुंकी वाया घालवली. दगडावर पाणी ओतलं तर दगड निदान ओला तरी होतो. चार वाजायच्या सुमारास दारात सावली पडली. समृद्धी उभी होती, अंगात मोठ्या भावाचा ढगळा शर्ट.

"काकू, ईश्वरी हाय का?"

"हाय. ये आत."

ती आत आली, पण बसली नाही. ईश्वरीकडे बघितलं, मग कोमलकडे, मग जमिनीकडे. "काकू, ईश्वरीचं झालं त्याच दिवशी मी माझी पट्टी आजीला लावली," ती म्हणाली. "म्हणून कुणाला कळलं न्हाई."

कोमलनं तिच्या शर्टाकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं. ईश्वरीनं उठून दार लोटलं.

"आमच्याच वर्गातलाय," समृद्धी म्हणाली. "त्यानं जबरदस्ती न्हाई केली. आम्हाला दोघांनाबी वाटलं, पट्टी असली की ऱ्हात न्हाई."

"काय?"

"सर सारखं म्हणायचे ना. पट्टी आहे, आता कसली काळजी नाही. आम्हाला वाटलं, ती त्याच्यासाठीच असती. राहू नये म्हणून."

सोळा वर्षांची पोरगी, गणितात पहिली येणारी. धड्याला पिना मारलेल्या, डॉक्टरला दारातून परत पाठवलेलं, आणि दंडाला चिकटवलेली एक चकती. त्या चकतीला हे बिचारं पोर ताईत समजून बसलं होतं. शिकलेल्या लोकांनी मिळून एवढं अडाणी करून ठेवलं होतं या पोरांना. कोमलला कुणाला तरी धरून बडवावंसं वाटत होतं, आणि बडवायला हाताशी कुणी नव्हतं.

तिनं कोण ते विचारलं नाही. "तुला काय पाहिजे ते सांग," ती म्हणाली.

समृद्धीला बहुधा हा प्रश्न अपेक्षित नव्हता. ती खाली बसली. "मला परीक्षा द्यायची हाय," म्हणाली आणि मग रडायला लागली.

संध्याकाळीच तिघी डॉक्टर साखळकरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि डोळे मिटून घेतले. सातवा लागला होता. चार-पाच महिन्यांपूर्वी आली असती तर दोन वाटा होत्या, तिनं निवडली असती. आता एकच उरली होती. बाळंत व्हायचं, आणि जपून व्हायचं. डॉक्टरांनी कायद्याप्रमाणे कुणाकुणाला कळवावं लागेल ते समृद्धीसमोरच सांगितलं, तिच्यासमोरच कळवलं. मूल वाढवायचं की दत्तक द्यायचं ते नंतर ठरवता येईल, वाढवायचं असेल तर कोण कोण मदतीला येईल, लोहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, सगळं निवांत सांगितलं. नंतर कोमल समृद्धीच्या घरी गेली. तिथं काय रणकंदन झालं ते सांगण्यात अर्थ नाही. तिच्या आईनं आधी पोरीला मारायला हात उचलला, मग त्याच हातानं स्वतःचं तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समृद्धीला कोमल म्हणाली, "तू नसलीस येणार तर शाळेत मी एकटी जाते. तुझं नाव घेणार न्हाई."

"येते," समृद्धी म्हणाली.

पाटोळे सर आपल्या खोलीत होते. आधी त्यांना वाटलं कोमल कालच्या बोलण्याची माफी मागायला आलीय. मग त्यांची नजर समृद्धीच्या पोटावर गेली आणि तिथून हलेना.

"हे काय आहे?"

"दहावी अ," कोमल म्हणाली. "गणितात पहिली. मार्चला परीक्षेला बसणार हाय. ईश्वरी आन ही, दोघी एकाच बाकावर बसतील, पहिल्यासारख्या."

"वहिनी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? इतर मुलींवर काय परिणाम होईल? मी हिला वर्गात कशी बसवू?"

"का? बाप होणारा तर त्याच वर्गात बसलाय की. आत्ता बसलाय, घंटा झाली तेव्हा समदी पोरं आत गेल्याली मी बघितली. त्याला कुणी इचारलं न्हाई, त्याला जागाबी पुरत्ये." कोमलनं समृद्धीचा हात धरला आणि ती वर्गाच्या दिशेनं वळली. "हिला दिवसागणिक जरा जास्त लागंल. बाक मागं सरकवून घ्या सर, पोट मावंल एवढा."